काट्यावर किती वाजले?

साखर कारखान्यात गाडीतळाचा एक रोजचा अहवाल निघतो. उसाची गाडी फाटकातून आत किती वाजता आली, भरल्या गाडीचं वजन कधी झालं, गव्हाणीत ऊस टाकून रिकामं वजन कधी झालं, आणि एकूण ती किती वेळ ताटकळली. हा शेवटचा रकाना शेतकी अधिकारी सकाळचा चहा घेताना बघतात. कारण तोडलेला ऊस उन्हात जितका वाळेल तितकं वजन घटतं, उतारा घटतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या वाढतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा या रकान्यात काही गाड्यांपुढे ‘वजा ११ मिनिटे’ असं छापून येत होतं. म्हणजे गाडी कारखान्यात यायच्या आधीच तिचं वजन होऊन गेलेलं!

प्रोग्राम जुना होता, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला. जिथे जिथे वेळ लागेल तिथे त्यात ‘नाऊ’ असं लिहिलेलं. हे ‘नाऊ’ ज्या संगणकावर प्रोग्राम चालतोय त्या संगणकाचं घड्याळ वाचतं. फाटकावर एक संगणक, भरतीच्या काट्यावर दुसरा, रिकाम्या काट्यावर तिसरा, आणि प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या मर्जीचं. संगणकाच्या आत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. साधा, स्वस्त स्फटिक दहा लाखांत वीसच्या आसपास चुकतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण दिवसाला त्याचे पावणेदोन सेकंद होतात आणि पाच महिन्यांच्या हंगामात चार मिनिटांवर जातात. त्यात फाटकावरची पत्र्याची केबिन दुपारी तापते आणि पहाटे गारठते, स्फटिकाला तेही मानवत नाही. मदरबोर्डावरचा बटणसेल संपलेला असेल तर वीज गेल्यावर संगणक थेट कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन उठतो. मग काट्यावरचा कारकून हातातला मोबाइल बघून घड्याळ लावतो, अंदाजाने.

शिवाय माणसं होतीच. पहाटे चारला पाळी बदलते आणि गाळपाचा दिवसही तिथेच बदलतो. तीन अठ्ठावन्नला काट्यावर चढलेली ट्रॉली कुणाच्या टनेजमध्ये धरायची, यावर दोन्ही पाळ्यांचं प्रेम. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा क्लिक केलं की ते मागेपुढे करता येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी लबाडी करत होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. घड्याळ पुढे गेलंय असं मनापासून वाटून मागे घेणारेही त्यात होते. पण ऊसदराच्या १९६६च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे व्याज लागतं. तेव्हा नोंदीवरची तारीख कुणाच्या क्लिकवर सोडून चालत नाही.

बैठकीत उपाय एका वाक्यात निघाला. वेळ सर्व्हरची घ्या. प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणालाही हे वाक्य दोन ओळींचं काम वाटतं, आणि दोन ओळींत ते होतंही.

जुन्या प्रोग्रामच्या सुरुवातीला कुणीतरी आधीच एक प्रयत्न करून ठेवला होता. विंडोजमध्ये ‘नेट टाइम’ नावाची आज्ञा आहे. सर्व्हरचं नाव देऊन ती चालवली की त्या सर्व्हरवर आत्ता किती वाजलेत ते एका इंग्रजी वाक्यात छापून येतं. तो प्रोग्राम हे वाक्य मजकूर म्हणून पकडायचा आणि त्यातली तारीख कापून घ्यायचा. आता ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या संगणकावर प्रदेश भारत निवडलाय की अमेरिका यावर ठरतं. बारा तारखेपर्यंत घोळ लपून राहतो, तेरापासून प्रोग्राम आपटतो. छापलेला मजकूर पुन्हा आकड्यांत फिरवायचा, या प्रकाराचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे विंडोजच्या नेटवर्क लायब्ररीतलं ‘नेट रिमोट टीओडी’ हे फंक्शन. त्याला सर्व्हरचं नाव द्या, ते आकड्यांची एक पेटी परत करतं. त्यात १९७०च्या आरंभापासूनचे सेकंद, ग्रीनिचचे तास-मिनिटं आणि स्थानिक वेळेचा फरक असतो. हा फरक पश्चिमेकडे मोजलेला, त्यामुळे भारतासाठी तो उणे ३३० मिनिटं येतो. तो मिळवायचा की वजा करायचा याचा विचार न करता मिळवला की घड्याळ साडेपाच तास पुढे जायच्या ऐवजी साडेपाच तास मागे जातं आणि अकरा तासांचा फरक पडतो. कुठल्याही प्रणालीत अकरा तासांनी चुकलेली वेळ दिसली की मी आधी हे चिन्ह शोधतो. निदान भारतात तरी ती या चुकीची सही आहे. नुसता साडेपाच तासांचा फरक दिसला तर ग्रीनिचची वेळ तशीच्या तशी छापली गेलीय.

आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोंद जिथे जाऊन पडणार आहे त्या डेटाबेसलाच विचारणं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘गेट डेट’, ओरॅकलमध्ये ‘सिस डेट’. त्याहून उत्तम म्हणजे विचारूच नये. काट्याने फक्त गाडी आणि वजन पाठवावं, वेळेचा रकाना सर्व्हरने नोंद लिहिताना स्वतः भरावा. आम्ही शेवटी बऱ्याच ठिकाणी हेच केलं. पण काट्याच्या स्क्रीनवर घड्याळ दिसायला लागतं, पावतीवर वेळ छापावी लागते, आणि लाइन तुटली तरी गाड्या थांबत नाहीत. म्हणून काट्याच्या संगणकालाही बऱ्यापैकी खरी वेळ माहीत असणं भाग होतं.

इथून पुढचा भाग मला आवडतो. दुसऱ्याला वेळ विचारली की मिळणारं उत्तर नेहमीच शिळं असतं. पोस्टकार्ड टाकून एखाद्याला ‘आत्ता किती वाजले’ असं विचारावं आणि उत्तर हातात पडल्यावर त्याप्रमाणे घड्याळ लावावं, तसलं हे काम. एनटीपी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. तो या शिळेपणाचा हिशेब मांडतो, आणि तो इतका सोपा आहे की शाळेच्या फळ्यावर करून दाखवता येईल.

काट्याच्या संगणकाने आपल्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ० मिनिटं ०.००० सेकंदांनी प्रश्न पाठवला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ३ मिनिटं ०.१२० सेकंदांनी मिळाला. त्याने एका मिलिसेकंदात, म्हणजे ०.१२१ला, उत्तर धाडलं. काट्याकडे ते पोचलं तेव्हा काट्याच्या घड्याळात १० वाजून ० मिनिटं ०.२४१ सेकंद झाले होते. जाताना दिसलेला फरक १८०.१२० सेकंद, येताना दिसलेला १७९.८८० सेकंद. दोघांची सरासरी बरोबर १८०. काट्याचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, आणि प्रवासात एकूण २४० मिलिसेकंद गेले. कुणाचं घड्याळ खरं याची आधी काहीही माहिती नसताना चार आकड्यांवरून दोन्ही उत्तरं मिळतात.

यात एक गृहीत लपलेलं आहे, की जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला. जाताना रस्ता मोकळा आणि येताना गर्दी असेल तर उत्तर चुकतं, जास्तीत जास्त प्रवासाच्या निम्म्याने. आमच्या उदाहरणात १२० मिलिसेकंदांनी. ही चूक एका सर्व्हरशी बोलून कुठल्याच युक्तीने काढता येत नाही. म्हणून खरं एनटीपी एकदा विचारून थांबत नाही. ते अनेक सर्व्हरना पुन्हा पुन्हा विचारतं, कमी प्रवासाची उत्तरं जवळ धरतं आणि बाकीच्यांशी न जुळणाऱ्या सर्व्हरला बाजूला काढतं.

हे घडवलं डेव्हिड मिल्स यांनी. ते अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते. १९८५ला पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, चौथी आवृत्ती २०१०ला. जन्मापासून काचबिंदू असलेल्या मिल्स यांची दृष्टी पुढे गेली, तरी काम चालू होतं. जानेवारी २०२४मध्ये ते वारले. जगातल्या बहुतेक सगळ्या संगणकांनी त्यांच्या हिशेबाप्रमाणे घड्याळ लावलं असेल, आणि त्यांचं नाव आमच्या धंद्यातल्याही दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

प्रत्यक्ष कोडमध्ये हे ४८ बाइटचं पाकीट असतं. यूडीपी या नेटवर्कवरच्या पाठवणीच्या पद्धतीने ते १२३ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवायचं. पहिल्या बाइटमध्ये २७ हा आकडा टाकला, म्हणजे ‘आवृत्ती तिसरी, मी विचारणारा’, की बाकी सगळी शून्यं चालतात. उत्तराच्या चाळिसाव्या बाइटपासून सर्व्हरची वेळ लिहिलेली असते. आधी सेकंद, मग सेकंदाचा अपूर्णांक. हे सेकंद १ जानेवारी १९००पासूनचे असतात आणि बाकीचं बरंचसं जग १९७०पासून मोजतं, म्हणून २,२०,८९,८८,८०० वजा करायचे. बाइट उलट्या क्रमाने वाचले तर भलतंच साल येतं. तीस-चाळीस ओळींत काम होतं, आणि बहुतेक जण इतकंच करून थांबतात. प्रवासाचा हिशेब सोडून देतात.

मला विचाराल तर काट्यासाठी तेही चालतं. दहा टनांच्या ट्रॉलीला मिलिसेकंद कशाला हवेत? पाव सेकंदाने कुणाचं नुकसान होत नाही. पण हाच कोड कुणी शेअर बाजाराच्या प्रणालीत नेऊन चिकटवला तर मी त्याच्याशी भांडेन.

त्रास मिलिसेकंदांनी दिला नाही, उत्तर न येण्याने दिला. यूडीपीमध्ये पाठवलेलं पोचलंच याची हमी नसते. पाकीट हरवलं तर कुणी सांगायला येत नाही. थांबायची मर्यादा घातली नसेल तर प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो, सूर्य मावळेपर्यंत. मर्यादा कितीची घालायची यावर आमच्या ऑफिसात पुस्तकी चर्चा झाली, पण खरं उत्तर काट्याजवळ उभं राहिल्यावर मिळालं. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, आकडा स्थिरावतो, कारकून बटण दाबतो. दोन सेकंदांत पावती बाहेर आली नाही तर ड्रायव्हर मान वळवून खिडकीकडे बघतो. चार सेकंदांनी मागचा हॉर्न वाजवतो. त्यानंतर कारकून तेच बटण पुन्हा दाबतो, आणि मग एका गाडीच्या दोन नोंदी. म्हणून बटण दाबल्यावर वेळ विचारायचीच नाही असं ठरलं. वेळ मागे, फावल्या वेळात विचारायची, फक्त फरक जपून ठेवायचा, आणि बटण दाबताना संगणकाच्या अशा मोजणीत तो मिळवायचा जी कुणाला मागेपुढे करता येत नाही. ही मोजणी संगणक चालू झाल्यापासून पुढेच जाते, घड्याळ कुणी बदललं तरी तिला पत्ता नसतो. जुन्या विंडोजमधली ३२ बिटांची मोजणी तेवढी ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येते. हंगामात संगणक बंद कोण करतो? त्यामुळे ६४ बिटांची वापरणं आलं.

मग सरळ घड्याळच का लावू नये? लावता येतं, पण तीन मिनिटं पुढे गेलेलं घड्याळ एकदम मागे आणलं तर त्या तीन मिनिटांत नोंदलेल्या गाड्या पुढच्या गाड्यांच्या नंतर आल्यासारख्या दिसतात. म्हणून एनटीपीचा जुना, मुरलेला प्रोग्राम लहान चूक हळूहळू ओढून घेतो, दहा लाखांत जास्तीत जास्त पाचशे इतक्या वेगाने. त्या चालीने एक सेकंद भरून काढायला तेहतीस मिनिटं लागतात, आणि तीन मिनिटं भरायला चार दिवसांहून जास्त. सेकंदाच्या आठव्या भागाहून मोठी चूक असेल तर तो एरवी सरळ उडीच मारतो. आम्ही ती उडी दोन हंगामांच्या मध्ये, गव्हाण बंद असताना मारून घेतली.

आता सर्व्हरला तरी कुणी सांगायचं? वजनकाट्याचा सर्व्हर कारखान्याच्या इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि भारताची प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिथे सिझियमची आण्विक घड्याळं आहेत. अशा घड्याळाला एनटीपीत शून्याचा थर म्हणतात. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या थरातला, त्याला विचारणारा दुसऱ्या, असं पंधरापर्यंत. सोळा म्हणजे ‘माझंच खरं नाही’. हे वाचायचं राहून जातं. सर्व्हर उत्तर देतो, नम्रपणे देतो, आणि त्याच पाकिटात सांगतोही की मला कुणाशी जुळवून घेता आलेलं नाही. तपासलंच नाही तर आपण ती वेळ डोळे मिटून घेतो. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडावीत. त्याआधी ‘वेळ कुठली घ्यायची’ याला प्रत्येक इंजिनिअरचं स्वतःचं उत्तर असायचं.

कुणाची वेळ मानायची हा वाद तसा आपल्याकडे जुनाच. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला सुरू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडली नाही, ती १९५५पर्यंत वापरात होती. त्या काळात ज्यांना गाडी पकडायची आणि कचेरीही गाठायची असे, त्यांची दया येते.

दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारताना एक पथ्य पाळावं लागतं. २००३मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या वेळेच्या सर्व्हरवर अचानक विनंत्यांचा लोंढा सुरू झाला. शोध घेतला तेव्हा कळलं, नेटगिअर कंपनीच्या सात लाखांवर राउटरांच्या कोडमध्ये त्या एका सर्व्हरचा पत्ता थेट कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. विकलेले राउटर परत कोण मागवणार? आमच्या कोडमध्ये पत्ता सेटिंगच्या फाइलीत आहे, आणि काटे बाहेर कुणालाच विचारत नाहीत, कारखान्याच्या सर्व्हरलाच विचारतात.

एवढं सगळं झाल्यावर उणे मिनिटं गेली. पण लाइन तुटलेल्या रात्री अजूनही एखादी गाडी शेजारच्या गाडीच्या काही सेकंद पुढेमागे दिसायची, आणि गाडीतळावर ‘माझा नंबर आधी होता’ हे भांडण तेवढ्यावर होतं. तेव्हा ध्यानात आलं की या लोकांना किती वाजले याच्याशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना कोण आधी आणि कोण नंतर, इतकंच हवंय. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८च्या आपल्या निबंधात हेच मांडलं होतं, की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम लावायला खरं घड्याळ लागतच नाही, प्रत्येक घटनेला वाढता क्रमांक दिला आणि निरोपासोबत तो पुढे पाठवला तरी पुरतं. मी तो निबंध कॉलेजात परीक्षेपुरता वाचलेला. काट्यावर तो फाटकावर गाडीला मिळणाऱ्या टोकनाच्या रूपात आधीपासूनच होता: छापील, वाढता, कुणाला मागे घेता न येणारा. आम्ही अहवालाची मांडणी वेळेवरून काढून टोकनावर नेली. वेळ राहिली ती फक्त किती ताटकळलो हे मोजायला.

राहिली पहाटे चारची पाळी. सर्व्हरप्रमाणे ठीक चारला पाळी बदलायची असं मी सुचवलं, आणि टाइम ऑफिसमधल्या मामांनी ते उडवून लावलं. कारखान्याचा भोंगा तेच वाजवतात, आपल्या मनगटावरच्या घड्याळावर. तो सर्व्हरच्या दीड-दोन मिनिटं आधी होतो.

“साहेब, तुमचा सर्व्हर दिल्लीला इचारतोय, आसपासची गावं आमच्या भोंग्यावर उठत्यात. भोंगा झाला की चार वाजलं.”

“पण मामा, दोन मिनिटांचा फरक पडतो.”

“मग दिल्लीला सांगा की.”

त्यांचा मुद्दा टोकनासारखाच होता, हे मान्य करावं लागलं. पाळी बदलणं ही एक घटना आहे, ती घडवणारा माणूस आहे. काट्याच्या स्क्रीनवर आम्ही ‘पाळी बंद’ असं एक बटण दिलं. भोंगा झाला की पाळीप्रमुख ते दाबतो, त्यालाही टोकनांच्या रांगेतलाच पुढचा क्रमांक मिळतो, त्याआधीचा ऊस जुन्या पाळीचा, नंतरचा नव्या पाळीचा. सर्व्हरच्या रकान्यात कधी तीन अठ्ठावन्न दिसतं, कधी चार वाजून एक. गेल्या हंगामाच्या शेवटी शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं, भोंगाच सर्व्हरला जोडता येईल का? येतो, एक रिले लागतो. कोटेशन दिलंय. मामा निवृत्त झाल्यावर बघू, असं संचालक मंडळाचं म्हणणं आहे.